गोल्फ प्रो आणि गावातल्या संस्थांसाठी निधी : स्क्रॅम्बल की १०० होल?

नाना_मोलीन (धागाकर्ता)

मंडळी, अमेरिकेतल्या क्वाड सिटीजमध्ये (इलिनॉयमधली मोलीन, रॉक आयलंड, आयोवातली डॅव्हनपोर्ट, बेटनडॉर्फ) पुण्याच्या डिअर कंपनीतून आलेली बरीच मराठी घरं आहेत. इथल्या फूड बँकेसाठी निधी उभारायचा मंडळाचा विचार आहे. म्युनिसिपल गोल्फ कोर्सचे हेड प्रो (तिथले मुख्य व्यावसायिक गोल्फर) मदतीला तयार आहेत. पर्याय दोन. पहिला म्हणजे चौघाचौघांची नेहमीची स्क्रॅम्बल (चौघंही मारतात, सगळ्यात चांगल्या फटक्याच्या जागेवरून सगळे पुढे खेळतात), जेवण आणि बक्षिसं. दुसरा, प्रोनं एका दिवसात एकट्यानं १०० होल खेळायचे आणि लोकांनी होलमागे पैसे द्यायचे. मंडळात गोल्फ खेळणारे मोजकेच. अपेक्षा चार-पाच हजार डॉलरची.

यातला कुठला पर्याय धरावा, कुठे चुकतं, पावत्या कशा करायच्या? आणि जॉन डिअर क्लासिक या इथल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेच्या 'बर्डीज फॉर चॅरिटी'त आपल्या संस्थेला शिरता येतं का?

बोगीवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो तुमच्या दारातला आहे.

बर्डीज फॉर चॅरिटीची पद्धत अशी. सिल्विसच्या टीपीसी डिअर रनवर चार दिवसांत सगळे खेळाडू मिळून जितक्या बर्डी (होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, एक कमी) करतील, त्या प्रत्येक बर्डीमागे देणगीदार एक सेंट किंवा जास्त द्यायचं कबूल करतो. आकडा साधारण २,००० च्या आसपास जातो, म्हणजे एका सेंटचे वीसेक डॉलर. ज्याला हिशेब नको तो ठरावीक रक्कम देतो. एकूण बर्डी किती होतील याचा अंदाज बांधायची स्पर्धा वेगळी.

खरी मेख पुढे आहे. कुठल्या संस्थेला पैसे जायचे ते देणगीदारच लिहितो आणि त्याच्यापर्यंत पोचायचं काम ती संस्थाच करते. स्पर्धा त्यातून व्यवस्थापनाचा खर्च कापत नाही, उलट जमलेल्या रकमेवर काही टक्के बोनस घालते. त्यामुळे लहान संस्थेला फुकटात जाहिरात, वसुली आणि वर बोनस मिळतो. अट इतकीच की संस्था ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकी कायद्यातली करमुक्त धर्मादाय, असावी आणि वेळेत नाव नोंदवावं. स्पर्धा जुलैत असते, नोंदणी त्याच्या कितीतरी आधी. तुमची फूड बँक बहुधा आधीच यादीत असेल. तसं असेल तर मंडळानं नवीन काही उभं न करता तिच्या नावानं प्लेज (देणगीची कबुली) गोळा करणं हाच सगळ्यात स्वस्त मार्ग.

अवांतर: २०१० साली इथेच पहिल्या दिवशी पॉल गॉयडॉसनं १८ होल ५९ फटक्यांत मारले, त्याच दिवशी स्टीव्ह स्ट्रिकरनं ६०, आणि स्पर्धा स्ट्रिकरनं जिंकली. प्लेज करणाऱ्यांचा खिसा त्या वर्षी जरा जास्तच हलका झाला असणार.

खडूस

म्हणजे एक माणूस दिवसभर आपला छंद पुरवणार आणि बाकीच्यांनी त्याबद्दल पैसे मोजायचे? त्यापेक्षा सरळ डबा फिरवा. फूड बँकेला चेक पाठवायला गोल्फ कशाला लागतं?

बोगीवाला

@खडूस, डब्यात ओळखीचे लोक टाकतात, तेही एकदाच. प्रोची ओळख वेगळ्या लोकांशी असते. कोर्सवर येणारे दोन-तीनशे नेहमीचे खेळाडू, त्यांतले दुकानदार, दंतवैद्य, विमा एजंट या सगळ्यांचा फोन तो उचलतो आणि ते त्याचा उचलतात. मंडळाला ही यादी एरवी कधीच मिळणार नाही. प्रो आपले पैसे देत नाही, आपली यादी देतो. १०० होल हे फोन करायचं निमित्त.

शिवाय अमेरिकेत ही जुनी रीत आहे. पीजीए टूरनं देणगीची पहिली नोंद १९३८ साली पाम बीचच्या स्पर्धेत केली, १०,००० डॉलर. एकूण आकडा २०२० मध्ये ३ अब्जांवर गेला. मेम्फिसची स्पर्धा १९७० पासून सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयासाठी चालते. फीनिक्सची स्पर्धा थंडरबर्ड्स नावाचं नागरी मंडळ चालवतं. बहुतेक स्पर्धांची यजमान संस्थाच मुळात धर्मादाय असते आणि हजारभर स्वयंसेवक फुकट राबतात, म्हणून पैसा उरतो.

पण टूर प्रो आणि क्लब प्रो यांत गल्लत करू नका. १९६८ मध्ये या दोघांच्या संघटना वेगळ्या झाल्या. टीव्हीवर दिसतात ते टूरवाले. तुमचा हेड प्रो हा पीजीए ऑफ अमेरिकाचा सदस्य, म्हणजे शिकवणारा, दुकान आणि टी-टाइम (गटांच्या खेळायच्या वेळा) सांभाळणारा. १०० होलची मॅरेथॉन ही मुख्यतः या दुसऱ्या लोकांची परंपरा. डॅन रूनी हा एफ-१६ चा वैमानिक आणि पीजीए प्रो, त्यानं २००७ मध्ये काढलेल्या 'फोल्ड्स ऑफ ऑनर' संस्थेसाठी ठिकठिकाणचे क्लब प्रो असे दिवस करतात.

जमाखर्च

दोन्ही पर्याय आकड्यांत मांडतो. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या कोर्सचे दर घाला.

स्क्रॅम्बल: ७२ खेळाडू, प्रवेश १२० डॉलर, जमा ८,६४०. दरडोई खर्च: फी आणि कार्ट ६०, जेवण १८, टी-शर्ट १०, बक्षिसं ७, एकूण ९५, म्हणजे ६,८४०. उरले १,८००. अठरा होलना प्रत्येकी १०० डॉलरचे प्रायोजक मिळाले तर १,८००, त्यातून पाट्यांचे २७० वजा. निव्वळ ३,३३०. जमा १०,४४० मधले ३२ टक्के. आणि हे ७२ खेळाडू आले तर. तुमच्यात खेळणारे मोजके, तेव्हा ४० वर अडकाल. जेवणाची किमान संख्या तर आधीच कबूल केलेली असते.

मॅरेथॉन: ४५ जणांचे होलमागे १ डॉलर, म्हणजे ४,५००. वीस जणांचे सरसकट २५, म्हणजे ५००. प्लेजपैकी दहा टक्के येतच नाहीत असं धरा, ४५० गेले. पाणी, खाणं, ग्लोव्ह, आभारपत्रं २००. निव्वळ ४,३५०. इथे प्लेज करणाऱ्याला गोल्फ यायची गरज नाही.

लोक 'दहा हजार जमले' असं फेसबुकवर टाकतात तेव्हा तो जमेचा आकडा असतो. फूड बँकेला गेलेला चेक किती, हे विचारा.

कंपनीच्या मॅचिंगचा मुद्दा तर याहून मोठा. आयटी आणि इंजिनिअरिंगवाल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. पण बहुतेक ठिकाणी अट असते की देणगी थेट ५०१(सी)(३) संस्थेला गेलेली हवी आणि तिच्या बदल्यात काही मिळालेलं नको. प्लेज फूड बँकेच्याच ऑनलाइन पानावर भरलं तर मॅच मिळतो. स्क्रॅम्बलची १२० डॉलरची फी भरली तर पूर्ण रकमेवर मिळत नाही, कारण बदल्यात गोल्फ आणि जेवण मिळालं. डोनर-ॲडव्हाइज्ड फंडातून (देणगीसाठी आधीच वेगळे काढून करसवलत घेतलेल्या पैशांतून) तर प्रवेश फी भरताच येत नाही.

पावतीचं: २५० डॉलर किंवा जास्त देणगी असेल तर करसवलतीसाठी देणगीदाराकडे संस्थेची लेखी पोच हवी, तीत बदल्यात काही दिलं की नाही हे लिहिलेलंच पाहिजे. बदल्यात काही दिलं असेल आणि भरलेली रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर त्या वस्तूची बाजारभावानं किंमत लिहून द्यायची. वरच्या उदाहरणात गोल्फ ६०, जेवण १८, शर्ट १०, मिळून ८८. सवलतीला पात्र फक्त ३२. 'पूर्ण १२० टॅक्स-डिडक्टिबल' असं पत्रकावर छापू नका, ही चूक सर्रास होते.

तिसरा_पट

मॅरेथॉनच्या दिवसाबद्दल.

तारीख: जूनचा तिसरा आठवडा. तुमच्याकडे तेव्हा साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि साडेआठपर्यंत उजेड असतो. वार सोमवार. बरेच खासगी क्लब सोमवारी बंद असतात. म्युनिसिपल कोर्स उघडा असला तरी सोमवारी सकाळी गर्दी कमी. पावसाची पर्यायी तारीख पत्रकावरच छापा, नाहीतर वादळ आलं की अर्धे प्लेजवाले 'झालं नाही ना' म्हणून मोकळे.

वेळ: एकटा खेळाडू, सोबत कार्ट, पुढे कोणी नाही, तर १८ होलना सव्वा ते दीड तास. पाच फेऱ्या म्हणजे ९० होल, वर दहा. पावणेसहाला सुरुवात केली तर थांबे धरून दुपारी तीनच्या आसपास संपतं. मध्ये दुसऱ्या फोरसमच्या (चौघांच्या गटाच्या) मागे अडकलात तर हे गणित कोसळतं. म्हणून टी-शीटवर (दिवसाच्या वेळापत्रकावर) त्याच्या फेऱ्या कुठल्या नऊ होलवर कधी असतील हे आधीच मांडायचं आणि स्टार्टरला (गटांना कोर्सवर सोडणाऱ्याला) कागद द्यायचा.

ग्रीन्सकीपरशी (कोर्सची निगा राखणाऱ्याशी) आठवडाभर आधी बोला. पहाटे मोअर (गवत कापायची यंत्रं) फिरत असतात. नेहमीच्या क्रमानं मोअर पहिल्या होलवरून निघतात आणि प्रोही पहिल्यावरून निघाला की तिसऱ्या-चौथ्या होलवर तो मोअरला गाठतो. एकतर दहाव्यावरून सुरुवात करा, किंवा त्या दिवशी मोअर दोन होल पुढे ठेवायला सांगा. रात्रीचे स्प्रिंकलर पहाटे चारच्या आत बंद हवेत, ओल्या ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक हिरवळीवर) पट, म्हणजे कपाकडे ढकललेला चेंडू, मध्येच मरतो. कप (चेंडू पडायचं भोक) ग्रीनच्या मधोमध कापायला सांगा आणि पुढच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळा. इथे कोर्सची परीक्षा घ्यायची नाहीये.

नियम ठरवून जाहीर करा: हरवलेला चेंडू शोधायचा नाही, दोन क्लबच्या (काठ्यांच्या) अंतरात चेंडू ड्रॉप करून एक फटका दंड. फ्लॅगस्टिक काढायची नाही (२०१९ पासून तशीही मुभा आहे). ग्रिपच्या (काठीच्या मुठीच्या) लांबीइतका पट आत गेला असं धरून सोडून द्यायचा, पण बर्डीसाठी असेल तर चेंडू कपात घालायचाच. बर्डीमागे प्लेज असेल तर ही शेवटची ओळ फार महत्त्वाची, नाहीतर नंतर कोणीतरी विचारतंच.

माणसं: एक कार्ट चालवणारा, जो स्कोअरही लिहील. एक पुढे फेअरवेवर उभा राहून चेंडू बघणारा. दर १८ होलना हे दोघं बदला, खेळाडूपेक्षा आधी तेच थकतात. इलेक्ट्रिक कार्ट जुन्या लेड-ॲसिड बॅटरीची असेल तर ३६ होलनंतर बदलून घ्या, ५० व्या होलला चढावर थांबली की पंधरा मिनिटं गेली.

शरीर: १०० होल म्हणजे चारशेच्या आसपास फटके, त्यातले दीडशेहून जास्त पट. उरलेले अडीचशे जवळजवळ सगळे हात आणि पाठ खाणारे. ग्लोव्ह चार, दर २५ होलना नवा कोरडा. अंगठ्याला आणि करंगळीशेजारच्या बोटाला फोड यायच्या आधीच टेप लावायची, आल्यावर लावून उपयोग नसतो. मोजे दोनदा बदला, सकाळच्या दवानं पाय भिजलेले असतात. नुसतं पाणी नको, मीठ-साखरेचं काहीतरी. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) कमी वापरून हायब्रिडनं (त्याहून आखूड काठीनं) टी-ऑफ, म्हणजे होलचा पहिला फटका, केला तर पाठ वाचते आणि चेंडूही सापडतो.

वीज चमकली की थांबायचं, यात चर्चा नाही. कोर्सचा भोंगा वाजला की कार्ट तिथेच सोडून इमारतीत. आणि पावसानंतर 'कार्ट फक्त रस्त्यावर' असा हुकूम निघाला तर फेरीला दुपटीच्या जवळ वेळ लागतो. मग ७२ ला थांबा आणि प्लेज ७२ चेच घ्या. १०० चे मागितलेत तर पुढच्या वर्षी कोणी उभं करणार नाही.

सायली_आयोवा

@तिसरा_पट, वाखु (वाचनखूण) साठवली. बर्डीमागे प्लेज ठेवावं की होलमागे?

तिसरा_पट

होलमागे. आकडा आधीच माहीत असतो, लोकांना बरं वाटतं. बर्डीचं फक्त जोडीला ठेवा, आणि 'जास्तीत जास्त ५० डॉलर' अशी मर्यादा फॉर्मवरच छापा. पुढच्या टीवरून, सोप्या कपांवर, चांगला प्रो १८ होलना पाच-सहा बर्डी सहज करतो. पाच डॉलर लिहिणाऱ्याला २५ बर्डीचं १२५ चं बिल गेलं की तो फोन उचलत नाही.

जमाखर्च

वसुलीचंही सांगतो. कार्ड तपशील फॉर्म भरतानाच घेता आला तर उत्तम. नाहीतर खेळ संपल्यावर त्याच संध्याकाळी प्रत्येकाला त्याचा आकडा, फोटो आणि पैसे भरायची लिंक. तिसऱ्या दिवशी एक आठवण, सातव्या दिवशी फोन. दोन आठवड्यांनंतर आलेलं प्लेज हे नशीब समजा. मंडळाच्या खात्यात घेऊन मग फूड बँकेला द्यायचा द्राविडी प्राणायाम करू नका. पावत्या दोनदा, मॅचिंग नाही, आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न वेगळे.

हिरवळ

स्क्रॅम्बलला सगळेच नाकं मुरडताहेत म्हणून तिची बाजू मांडते. लोक एकत्र येतात, प्रायोजकांना तोंड दाखवता येतं. आणि तिथेही प्रोचा नीट वापर केला तर कमाई होते. तो बहुतेकदा होत नाही, प्रो बिचारा माईक घेऊन बक्षिसं वाटतो.

प्रोला एका पार-३ वर (तीन फटक्यांच्या होलवर) दिवसभर उभं करा, 'बीट द प्रो'. प्रत्येक खेळाडूनं १० डॉलर द्यायचे, प्रो आधी मारणार, त्याच्यापेक्षा जवळ गेलात तर प्रो-शॉपचं कूपन. अठरा होलच्या शॉटगनमध्ये (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू) होलला दोन गट धरले तर ३६ गट, म्हणजे प्रोचे ३६ फटके. एक पार-५ निवडून तिथे प्रोची ड्राइव्ह (पहिला लांब फटका) २० डॉलरला गटाला विकता येते, पण त्यासाठी दुसरा प्रो किंवा असिस्टंट हवा. एकाच माणसाला दोन होलवर पळवू नका.

घोळ कुठे होतो? गट टीवर आला की पाकीट शोधणं सुरू. खेळताना कोणाकडे रोकड नसते. त्यामुळे बीट द प्रो, मलिगन (चुकलेला फटका पुन्हा मारायची मुभा) हे सगळं सकाळी नोंदणीच्या टेबलावरच विकायचं आणि हातात रंगीत पट्टी बांधायची. टीवर फक्त पट्टी बघायची. पार-३ वर तसाही खोळंबा होतो, प्रो धरून पाच जण मारणार म्हणजे गटामागे दोन मिनिटं वाढली. शेजारचा होल लांब पार-५ असेल असा पार-३ घ्या, तिथे तुंबलेले गट पांगतात. प्रोला सावली आणि खाली मॅट द्या, ३६ डिव्हटनी (फटक्यानं उखडलेल्या गवतानं) टीची चाळण होते.

होल-इन-वनला (पहिल्याच फटक्यात चेंडू कपात, म्हणजे 'एस') गाडी ठेवणार असाल तर विमा काढल्याशिवाय पाटी लावू नका. हौशी खेळाडूला एस पडायची शक्यता साधारण १२,५०० त एक धरतात, प्रोला अडीच हजारांत एक. हप्ता खेळाडूंची संख्या, अंतर आणि बक्षिसाची किंमत यावर ठरतो. दावा फेटाळला जातो तो या कारणांनी:

जाहीर केले ७२ खेळाडू, मारले ८० जणांनी. करारात १६५ यार्ड, पण सकाळी कोणीतरी टी-मार्कर पुढे सरकवले आणि अंतर भरलं १४८. साक्षीदार त्याच गटातला निघाला. किंवा एस पडला तो मलिगनवर.

म्हणून त्या होलवर मलिगन बंद, सकाळी लेझरनं अंतर मोजून मार्करसकट फोटो, आणि गटाबाहेरचे दोन साक्षीदार दिवसभर हजर. बीट द प्रोचा होल वेगळा ठेवा, प्रो सहसा विम्यात नसतो आणि त्याचाच एस पडला तर पंचाईत. हौशी खेळाडूनं गाडी घेतली तर त्याचा हौशी दर्जा जाईल का, असं विचारतात. नाही. बक्षिसाची १,००० डॉलरची मर्यादा एरवी आहे, पण ५० यार्ड किंवा जास्त लांबीच्या फटक्यावरच्या होल-इन-वनला ती लागू नाही.

नाना_मोलीन

सगळ्यांचे आभार. मॅरेथॉनकडे कल झुकतोय. जोडीला जेवणाच्या वेळी राफल (तिकिटं विकून सोडत) ठेवायची सूचना समितीत आली आहे, पैठणी वगैरे.

जमाखर्च

नानासाहेब, राफल नदीच्या कुठल्या काठावर? मोलीनमध्ये केलीत तर इलिनॉयच्या कायद्यानं शहराचा किंवा काउंटीचा परवाना हवा. डॅव्हनपोर्टमध्ये केलीत तर आयोवा राज्याचा परवाना वेगळा. तिकिटाचे पैसे देणगीत धरता येत नाहीत, त्यावर पावती देऊ नका. पैठणीचा लिलाव करा, मूक लिलाव, कागदावर बोली. परवान्याची कटकट टळते आणि पैसेही जास्त येतात. बाजारभावाची किंमत तिच्या कागदावर लिहा.

मुळामुठा

पुण्या-मुंबईत कोणाला असं करायचं असेल तर फरक सांगून ठेवतो. प्रकार जमण्यासारखा आहे, कोर्स कमी असले तरी. पुण्यात येरवड्याचा पूना क्लब गोल्फ कोर्स, मुंबईत चेंबूरचा प्रेसिडेन्सी, खारघरला सिडकोचा.

जून विसरा, पावसाळा. जानेवारी-फेब्रुवारीत दिवस अकरा तासांचा, सूर्योदय सातला. एकट्यानं कार्टवर १०० होल बसतात, पण दुपारच्या थांब्याला जागा कमी. खारघरसारख्या चढउताराच्या कोर्सवर ७२ चं लक्ष्य ठेवा. कॅडी दर १८ होलना बदला आणि प्रत्येकाला पूर्ण फेरीचे पैसे त्याच दिवशी द्या. धर्मादाय काम आहे म्हणून कॅडीनं फुकट राबावं ही अपेक्षा ठेवू नका, त्याची दिवसाची कमाई तीच असते. हा खर्च प्रायोजकाच्या गळ्यात घाला.

कागदपत्रं: पैसे नोंदणीकृत न्यासानं स्वतःच्या खात्यात घेतले तर सोपं. मित्रमंडळानं किंवा सोसायटीनं स्वतः गोळा करायचे तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क ची पायरी येते, गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. ८०जीची (आयकरातली देणगीवरची) सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, तेव्हा यूपीआय किंवा चेकच घ्या आणि पॅन फॉर्मवरच मागा. पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक नसला की न्यासाला देणगीदाराचं विवरण भरता येत नाही, मग त्याला प्रमाणपत्रही मिळत नाही आणि तो मे-जूनमध्ये तुमच्या नावानं बोटं मोडतो. नव्या कररचनेतल्या पगारदाराला ही सवलत नाहीच, म्हणून आवाहनात पहिली ओळ करसवलतीची नको. कंपनीचा सीएसआर निधी हवा असेल तर न्यासाची सीएसआर-१ नोंदणी आधी बघा. नवा आयकर कायदा आल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, ते सीएकडून ताडून घ्या.

आणि राफलचं इथे नावही काढू नका, लॉटरीच्या कायद्यात अडकाल.

खडूस

बरं, होलमागे पन्नास सेंट लिहा माझे. पण ७२ ला थांबलात तर छत्तीसच देणार.

तिसरा_पट

@खडूस, बरोबर आहे, तसंच लिहून घ्यायचं.

@नाना, एक राहिलं. प्रोच्या मालकाची, म्हणजे पार्क विभागाची लेखी परवानगी आणि त्या दिवसाचा विमा कोणाच्या नावावर, हे एप्रिलमध्येच विचारा. बहुतेक शहरं कार्यक्रमाच्या विम्यात 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून शहराचं नाव मागतात. एजंट ते प्रमाणपत्र बहुधा पटकन काढून देतो, पण मागायला आदल्या शुक्रवारी गेलात तर सोमवार हातचा जातो.